न कळणारे यंत्र आणि कळणारी खूण

स्वयंपाकघरात उग्र, कुजट असा थोडासा वास आला की घरातील लहान मूलही ‘गॅस सुटला’ म्हणून ओरडते. मोठी माणसे लगबगीने रेग्युलेटर बंद करतात, दारे-खिडक्या उघडतात आणि विजेच्या बटणाला हात लावीत नाहीत. हा वास गॅसचाच आहे, अशी बहुतेकांची समजूत असते. वस्तुतः तसे नाही. दाबाखाली द्रवरूप करून सिलिंडरमध्ये भरलेल्या प्रोपेन व ब्यूटेन ह्या वायूंना जाणवण्याजोगा वास नसतो. आपण ओळखतो तो वास इथाइल मर्कॅप्टन नावाच्या गंधकयुक्त द्रव्याचा असून ते अत्यल्प प्रमाणात मुद्दाम मिसळलेले असते. गळालेला वायू पेट घेण्याइतका साठण्यापूर्वीच माणसाच्या नाकाला त्याची वर्दी मिळावी, एवढाच त्यामागील हेतू होय.

सिलिंडरमधील दाब किती असतो, रेग्युलेटर तो कसा कमी करतो, वायू हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत कसा साठतो, हे कोट्यवधी गृहिणींना कोणी शिकविलेले नाही. तरीही त्या दररोज निर्धास्तपणे शेगडी पेटवितात. त्यांचा हा विश्वास आंधळा आहे, असे म्हणता येणार नाही. धोक्याची खूण त्यांना स्वतःला ओळखता येते आणि ती दिसल्यावर काय करावयाचे तेही ठाऊक असते. १९०६ ह्या क्रमांकावर दूरध्वनी केला तर गॅसगळतीची तक्रार घेणारी यंत्रणाही आहे.

न कळणाऱ्या यंत्रावर विसंबून राहण्याचा प्रश्न आज गावोगावी निर्माण झाला आहे. त्याचा विचार करताना गॅसच्या ह्या वासाचे उदाहरण फार उपयोगी पडते.

वासासाठी मोजलेली किंमत

ही तरतूद कोणालाही सहजासहजी सुचलेली नाही. अमेरिकेतील टेक्सास राज्यात न्यू लंडन नावाचे एक गाव आहे. तेलाच्या विहिरींमुळे संपन्न झालेल्या ह्या भागातील शाळेची इमारत तापविण्यासाठी नैसर्गिक वायूचा वापर होत असे. तेथील वायूला वास नव्हता. इमारतीखालच्या पोकळीत तो गळून साठत गेला आणि कोणाच्याही ते लक्षात आले नाही. १८ मार्च १९३७ रोजी शाळा सुटण्याच्या सुमारास त्याचा स्फोट झाला आणि सुमारे ३०० विद्यार्थी व शिक्षक प्राणास मुकले. त्यानंतर काही आठवड्यांतच टेक्सासच्या विधिमंडळाने वायूमध्ये वास मिसळण्याची सक्ती करणारा कायदा केला आणि पुढे ही पद्धत इतरत्रही रूढ झाली.

त्या शाळेतील मुलांना वायूचे रसायनशास्त्र समजत नव्हते, हे काही दुर्घटनेचे कारण नव्हे. आजच्या मुलांनाही ते समजत नाही. त्या दिवशी उणीव होती ती सामान्य माणसाला ओळखता येईल अशा खुणेची. यंत्राचे अंतरंग सर्वांनाच कळले पाहिजे, हा आग्रह व्यवहार्य नाही. विद्युतपंप दुरुस्त करणाऱ्यास लसीचे शास्त्र माहीत नसते आणि लस टोचणाऱ्या परिचारिकेस पंपाचे. तज्ज्ञसुद्धा आपल्या विषयाबाहेर सामान्यच असतो. म्हणून ‘हे यंत्र मला समजते काय?’ ह्यापेक्षा ‘ते बिघडले तर मला कळेल काय?’ हा प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरतो. गावातील नित्याच्या तीन बाबी घेऊन हा प्रश्न तपासून पाहणे उचित होईल.

कुपीवरचा चौकोन

तोंडाने द्यावयाची पोलिओची लस उष्णतेने फार लवकर निकामी होते. कारखान्यापासून प्राथमिक आरोग्य केंद्रापर्यंत आणि तेथून वाडीवस्तीपर्यंत ती थंड ठेवूनच न्यावी लागते. ह्या शीतसाखळीत वीज गेली, बर्फ वितळला किंवा वाहन वाटेत अडकले, तर लसीची शक्ती कमी होते. मात्र निकामी झालेली लस दिसावयास चांगल्या लसीसारखीच असते. एखाद्या मातेने मोठ्या विश्वासाने बाळाला आणावे, त्याला दोन थेंब पाजावे आणि ते थेंब निरुपयोगी असावेत, ह्यासारखी दुर्दैवाची गोष्ट नाही. कारण त्या बाळाला संरक्षण मिळाले, असेच सर्वजण समजून चालतात.

ह्या अडचणीवर काढलेला उपाय अगदी छोटा आहे. १९९६ पासून पोलिओ लसीच्या कुप्यांवर एक खूण छापण्यास सुरुवात झाली. एका रंगीत वर्तुळाच्या आत फिकट चौकोन असतो. चौकोनातील द्रव्य उष्णतेने हळूहळू गडद होत जाते आणि एकदा गडद झालेला रंग कुपी पुन्हा थंड केली तरी फिका होत नाही. चौकोन वर्तुळापेक्षा फिका आहे तोवर लस वापरता येते. दोहोंचा रंग सारखा झाला किंवा चौकोन अधिक गडद झाला की कुपी बाजूला ठेवावयाची. आरोग्य कर्मचारी ह्या खुणेस ‘व्हीव्हीएम’ ह्या आद्याक्षरांनी ओळखतात. ती वाचण्यासाठी जीवशास्त्राची पदवी लागत नाही. आशा कार्यकर्ती ती वाचू शकते आणि दाखविली तर माताही वाचू शकते.

भारतात पल्स पोलिओ मोहीम १९९५ मध्ये देशव्यापी झाली. नैसर्गिक पोलिओ विषाणूचा शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी पश्चिम बंगालमधील हावडा जिल्ह्यात आढळला आणि २७ मार्च २०१४ रोजी देश पोलिओमुक्त म्हणून प्रमाणित झाला. लक्षावधी कार्यकर्त्यांच्या श्रमांचे हे फळ होय. त्या श्रमांतील एकेक थेंब वाया गेला की नाही, हे जागच्या जागी सांगण्याचे काम ह्या लहानशा चौकोनाने केले.

मात्र ही खूण केवळ उष्णतेचा हिशेब ठेवते. काही लसी उष्णतेप्रमाणेच गोठण्यानेही खराब होतात आणि लस गोठली होती की नाही, हे हा चौकोन सांगत नाही. त्यासाठी कुपी हलवून पाहण्याची वेगळी चाचणी आहे. प्रत्येक खूण एका ठराविक प्रश्नाचेच उत्तर देते. तो प्रश्न कोणता, हे माहीत असणे खूण ओळखण्याइतकेच आवश्यक आहे.

शेवटच्या नळाचे पाणी

दुसरे उदाहरण ग्रामपंचायतीच्या अगदी जवळचे आहे. नळाचे पाणी स्वच्छ दिसते म्हणून ते निर्जंतुक असते असे नाही. कॉलरा, कावीळ, अतिसार ह्यांचे जंतू डोळ्यांना दिसत नाहीत. ते नष्ट करण्यासाठी टाकीत विरंजक चूर्ण, म्हणजे आपल्याकडे सर्वत्र ‘टीसीएल’ म्हणून ओळखली जाणारी पावडर, मिसळतात. तिच्यातील क्लोरीनला आपले काम पुरे करण्यास किमान अर्धा तास द्यावा लागतो. जंतूंचा नाश करूनही थोडा क्लोरीन पाण्यात शिल्लक राहणे आवश्यक असते; हे प्रमाण दर लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम असावे, असे भारतीय मानक सांगते. हा शिल्लक साठा पाण्याचा पुढील वाटेवरील रक्षक होय.

टीसीएल पावडर ताजी असताना तिच्यात सुमारे ३३ टक्के क्लोरीन असतो. पिशवी उघडी राहिली, दमट खोलीत पडून राहिली, तर तो उडून जातो. समजा, हे प्रमाण १५ टक्क्यांवर आले. मग कर्मचाऱ्याने नेहमीच्याच मापाने पावडर टाकली तरी पाण्यात निम्म्याहूनही कमी क्लोरीन पडतो. वहीत ‘पावडर टाकली’ ही नोंद खरी असते, कर्मचारी प्रामाणिक असतो आणि तरीही गावात साथ येते. पावडरीचा नमुना तपासून तिच्यात २० टक्क्यांहून अधिक क्लोरीन आहे, ह्याची खात्री करून घेण्याचा दंडक ह्याचसाठी आहे.

येथेही सोपी खूण उपलब्ध आहे. काचनळीत पाणी घेऊन ऑर्थोटोलिडीनचे थेंब टाकले की क्लोरीन असल्यास लगेच पिवळा रंग येतो. तो सोबतच्या रंगपट्टीशी ताडून पाहावयाचा. रंग पहिल्या काही सेकंदांतच पाहावा. उशिरा गडद होणारा रंग इतर संयुगांमधील क्लोरीनमुळेही असू शकतो. हे द्रावण विषारी असल्याने तपासलेले पाणी पिऊ नये आणि हात धुवावेत, एवढे पथ्य मात्र पाळले पाहिजे.

ही चाचणी कोठे करावी, ह्याला फार महत्त्व आहे. टाकीजवळ करणे सोयीचे असते, परंतु पाणी टाकीतून निघून वाडीतील शेवटच्या नळापर्यंत पोहोचेतो क्लोरीन खर्च होत असतो. पाणी बंद असण्याच्या वेळी फुटक्या नळातून गटाराचे पाणी आत ओढले गेले, तर तो सर्वच्या सर्व संपतो. अशा वेळी टाकीजवळ पिवळा रंग येतो आणि शेवटच्या घरी काहीच येत नाही. हे शेवटचे घर पुष्कळदा गावातील सर्वांत दुर्बळ कुटुंबाचे असते. म्हणून चाचणी शेवटच्या नळावर करणे, हे तांत्रिक काटेकोरपणाइतकेच न्यायाचेही काम आहे.

ह्या खुणेचीही मर्यादा आहे. पिवळा रंग जंतूंपासूनच्या संरक्षणाचा निर्वाळा देतो, क्षारांविषयी काही सांगत नाही. यवतमाळ, चंद्रपूर ह्यांसारख्या जिल्ह्यांत काही ठिकाणी भूजलात फ्लोराइड अधिक आहे आणि क्लोरीनने ते जात नाही. त्यासाठी प्रयोगशाळेतील तपासणीच हवी. २०१९ मध्ये सुरू झालेल्या जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातील पाच महिलांना पाणीतपासणी संच हाताळण्याचे शिक्षण देण्याची तरतूद करण्यात आली. खूण वाचण्याची विद्या कार्यालयातून घरापर्यंत नेण्याचा हा प्रयत्न निश्चितच स्वागतार्ह आहे.

ठसा जुळला नाही म्हणजे काय?

वरील दोन्ही बाबतींत माणूस खुणेवरून वस्तूची परीक्षा करतो. रास्तभाव दुकानातील यंत्राचे नाते ह्याच्या उलट आहे. तेथे यंत्र माणसाची परीक्षा घेते. देशातील पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली ह्या गावी देण्यात आला. त्यानंतरच्या काळात शिधावाटपासाठी बोटाच्या ठशाची पडताळणी सर्वत्र रूढ झाली. एकाच्या नावाचे धान्य दुसऱ्याने उचलू नये, हा तिचा हेतू योग्यच आहे. परंतु ‘ठसा जुळला नाही’ हे यंत्राचे उत्तर आपण कसे समजून घेतो, ह्यावर एखाद्या घरची चूल पेटणे अवलंबून असते.

बोटावरील रेषा कोठे संपतात आणि कोठे दुभंगतात, ह्या बिंदूंच्या मांडणीवरून ठसा ओळखला जातो. एकाच बोटाचा ठसा दोन वेळा तंतोतंत सारखा उमटत नाही. दाब बदलतो, बोट तिरपे पडते, त्वचा कोरडी असते. त्यामुळे दोन ठशांत पुरेसे साम्य आहे काय, एवढेच पाहून ‘होय’ किंवा ‘नाही’ असे उत्तर मिळते. साम्याची अट सैल केली तर परका माणूस खपून जाण्याचा संभव वाढतो आणि कडक केली तर खरा माणूस नाकारला जाण्याचा. दोन्ही चुका एकाच वेळी शून्यावर आणता येत नाहीत. शिवाय ज्यांच्या बोटांवरील रेषा झिजलेल्या असतात ते बहुधा वृद्ध, वीटभट्टीवर राबणारे आणि शेतमजूर असतात. शिध्याची सर्वाधिक गरज ज्यांना आहे, त्यांनाच यंत्राकडून नकार मिळण्याचा संभव अधिक असतो.

म्हणून ‘नाही’ ह्या उत्तराचा अर्थ ‘हा माणूस खोटा आहे’ असा होत नाही. ‘ह्या वेळी यंत्राची खात्री पटली नाही’ एवढाच होतो. शासनानेही ही गोष्ट मान्य केलेली आहे. आधार नसल्यामुळे अथवा ठसा किंवा जोडणी अयशस्वी झाल्यामुळे कोणाही पात्र लाभार्थ्यास धान्य नाकारू नये, अशा सूचना केंद्र शासनाच्या अन्न विभागाने ऑक्टोबर २०१७ मध्ये राज्यांना दिल्या. आधार कायदा बहुमताने वैध ठरविणाऱ्या २६ सप्टेंबर २०१८ च्या निर्णयात सर्वोच्च न्यायालयानेही पडताळणी फसल्यामुळे कोणी लाभापासून वंचित राहू नये, ही बाब लक्षात घेतली. तरतूद आहे, पण दुकानासमोर उभ्या असलेल्या वृद्धेस ती माहीत नसेल आणि दुकानदारासही माहीत नसेल, तर ती असून नसल्यासारखीच होय.

ठसा जुळला, म्हणजे सर्व ठीक झाले असेही नाही. ठसा फक्त माणूस आल्याचे सांगतो. धान्य पुरे मिळाल्याचे सांगत नाही. राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा, २०१३ नुसार प्राधान्य कुटुंबातील प्रत्येक व्यक्तीस दरमहा ५ किलो आणि अंत्योदय कुटुंबास ३५ किलो धान्याचा हक्क आहे. ते मिळाले की नाही, ह्याच्या खुणा दोन : यंत्रातून निघणारी पावती आणि काट्यावरील वैधमापन खात्याची मुद्रा. इलेक्ट्रॉनिक काट्याची फेरपडताळणी दर १२ महिन्यांनी करावी लागते. काट्याच्या आतील रचना कोणास कळली नाही तरी चालेल. मुद्रांकित एक किलोचे वजन त्यावर ठेवले आणि तो एक किलो दाखवितो काय, हे पाहिले की पुरे.

चूक शोधून काढणारी नोंद

खुणा ठाऊक असल्या तरी चुका घडतातच. अशा वेळी उपयोगी पडते ती नोंद. ह्याचे एक जुने उदाहरण मुंबईशी निगडित आहे. १८९६ मध्ये मुंबईत प्लेगची साथ आली आणि १८९७ च्या जानेवारीत डॉ. वाल्डेमार हाफकिन ह्यांनी मुंबईतच प्रतिबंधक लस तयार करून प्रथम स्वतःस टोचून घेतली. पुढे त्यांची प्रयोगशाळा परळ येथे गेली. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मलकोवाल ह्या गावी १०७ जणांना ही लस देण्यात आली. त्यांपैकी १९ जण धनुर्वाताने दगावले. दोष मुंबईच्या प्रयोगशाळेवर ठेवण्यात आला आणि हाफकिन ह्यांना पदावरून दूर व्हावे लागले.

परंतु कोणास कोणत्या कुपीतील लस दिली, ह्याची नोंद होती. दगावलेल्या सर्वांना एकाच कुपीतील लस मिळाली होती. इतर कुप्यांतील लस घेतलेले सुखरूप होते. ती कुपी उघडताना मदतनिसाच्या हातातील चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला, हेही पुढे आले. रोनाल्ड रॉस ह्यांच्यासह अनेक शास्त्रज्ञांनी १९०७ मध्ये हाफकिन ह्यांची बाजू मांडली आणि ते दोषमुक्त झाले. परळच्या त्या संस्थेला १९२५ पासून त्यांचेच नाव देण्यात आले आहे. कुपीची नोंद नसती, तर एका चिमट्याची चूक संपूर्ण लसीच्या माथी कायमची बसली असती आणि लोकांनी लसीकडे पाठ फिरविली असती.

ग्रामसभेने विचारावयाचे चार प्रश्न

गावात नवे यंत्र किंवा नवी व्यवस्था येईल तेव्हा तिचे शास्त्र समजावून सांगण्याचा आग्रह धरण्यापूर्वी चार प्रश्न विचारावेत आणि त्यांची उत्तरे फलकावर लिहून ठेवावीत. पहिला, ती बिघडली आहे हे सामान्य माणसाने कोणत्या खुणेवरून ओळखावे आणि ती खूण काय सांगत नाही? दुसरा, बिघाड झाल्यास उत्तर देण्यास कोण बांधील आहे? तिसरा, दुरुस्ती होईपर्यंत पर्यायी मार्ग कोणता? चौथा, रोजची नोंद कोठे ठेवली जाते आणि ती कोणास पाहता येते?

शिक्षकांना ह्या कामी मोठा वाटा उचलता येईल. शाळेच्या नळाच्या पाण्याची चाचणी आठवड्यातून एकदा मुलांसमोर आरोग्य कर्मचाऱ्याकडून करवून घ्यावी आणि निकाल मुलांनीच वहीत लिहावा. लसीकरणाच्या दिवशी कुपीवरील चौकोन पालकांना दाखविण्याची विनंती करावी. दक्षता समितीच्या सदस्यांनी ठसा न जुळलेल्यांची नोंद दरमहा वाचावी आणि त्यांतील प्रत्येकास धान्य पोहोचले काय, हे विचारावे. ह्यांपैकी कशासाठीही फारसा खर्च येत नाही.

अधिकाऱ्यांनी ह्या प्रश्नांकडे अविश्वास म्हणून पाहू नये. जो नागरिक खूण तपासतो, तो यंत्राचा शत्रू नसून त्याचा राखणदार असतो. वाडीतील शेवटच्या नळावर काचनळी धरून उभी असलेली बाई पाण्यात रंग येत नाही असे सांगते, तेव्हा तिने क्लोरीनचे रसायनशास्त्र शिकलेले नसते; परंतु गावात येऊ घातलेली साथ तिने एक दिवस आधी पाहिलेली असते. तिचे म्हणणे त्याच दिवशी ऐकून घेऊन त्याच दिवशी पावडर तपासली जाईल, एवढी व्यवस्था प्रत्येक ग्रामपंचायतीला करता येण्यासारखी आहे.